मरणावरचा विनोद आणि दुकानाची पत

व्यापारी जाहिरातींच्या भाषेत भाव उतरले की ‘भूकंप’ होतो, माल स्वस्त झाला की ‘धमाका’ होतो आणि शेजारच्या दुकानदाराची ‘झोप उडते’. हे शब्द लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात सास्तूर नावाचे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर माणसे थकून झोपली असताना, किल्लारीच्या भूकंपाने जी गावे उद्ध्वस्त झाली त्यांत सास्तूर होते. ज्या तिथीला आपल्या दशलक्षण पर्वाची सांगता होते, तिच्याच रात्री शेजारच्या लातूर जिल्ह्यासह या भागात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या गावाच्या चौकात ‘दरांत महाभूकंप’ असा फलक लावण्याचे धाडस कोणता दुकानदार करील? आणि सास्तूरला जो शब्द लावता येत नाही, तो सोलापूरच्या बाजारपेठेत निरुपद्रवी कसा ठरतो? सास्तूरची लेक सोलापूरला दिलेली असू शकते.

हे उदाहरण नकळत घडणाऱ्या अविचाराचे झाले. अलीकडे मात्र जाणूनबुजून धक्का देणाऱ्या जाहिरातींची चाल पडली आहे. मरण, आजार, अत्याचार, अपंगत्व अशा ज्या विषयांवर सभ्य माणूस आवाज खाली आणून बोलतो, त्यांवर हसवायचे आणि त्या हशाच्या शेवटी वस्तूचे नाव झळकवायचे. याला ‘काळा विनोद’ म्हणतात. मोठ्या कंपन्यांनी या वाटेवर अनेकदा ठेच खाल्ली आहे. व्यापार हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या आपल्या समाजाने त्या ठेचांकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये, कारण आज गावोगावचा प्रत्येक दुकानदार जाहिरातदार झाला आहे.

२०१३ सालच्या एप्रिलमध्ये ह्युंदाई कंपनीची एक चित्रफीत युरोपात प्रसृत झाली. निराश झालेला एक माणूस आपल्या गाडीच्या साहाय्याने जीव देण्याचा प्रयत्न करतो. परंतु गाडी इतकी प्रदूषणमुक्त की तो प्रयत्न फसतो. इथे प्रेक्षकाने हसावे आणि गाडीची वाखाणणी करावी, अशी योजना होती. लंडनमधील एका तरुण जाहिरातलेखिकेने ती पाहिली. तिच्या वडिलांनी तिच्या बालपणी नेमके असेच आयुष्य संपवले होते. तिने कंपनीला उद्देशून जाहीर पत्र लिहिले आणि वडिलांची शेवटची चिठ्ठीही लोकांसमोर ठेवली. थोड्याच अवधीत चित्रफीत मागे घेण्यात आली आणि कंपनीने क्षमा मागितली. तिचे पत्र परिणामकारक ठरले, कारण त्यात बहिष्काराची धमकी नव्हती. तुमच्या विनोदातील तो माणूस माझा बाप आहे, एवढेच त्या पत्राचे म्हणणे होते.

लंडनची ही गोष्ट धाराशिवला परकी वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील जे चौदा जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून गणले जातात, त्यांत मराठवाड्यातील आठही जिल्हे आहेत. २०१५ साली राज्य शासनाने ‘बळीराजा चेतना अभियान’ प्रथम सुरू केले ते उस्मानाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत. मोंढ्यातील आडत, बी-बियाणे-खतांचे दुकान, कापडाची पेढी यांपैकी काहीही चालवणाऱ्या घराला हा विषय आकड्यांतून कळलेला नसतो. गेलेल्या माणसाचे खाते आपल्याच वहीत असते. पुढच्या हंगामात त्याची विधवा पत्नी वा कोवळ्या वयाचा मुलगा आपल्याच गादीसमोर येऊन उभा राहतो. ‘कर्जाचा फास’, ‘महागाईने गळफास’ अशा शब्दांवर रेखाटलेले दोरीचे चित्र त्या मुलाने दुकानाच्या पाटीवर पाहिले, तर तो काही बोलणार नाही. तो मुकाट्याने दुसऱ्या दुकानाची पायरी चढेल, आणि आपले काय चुकले हे आपल्याला कधी कळणारही नाही.

उद्या एखाद्या खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत सल्लेखनेवर विनोद झाला, तर आपल्याला काय वाटेल? याच जिल्ह्यातील कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी झाली. त्या डोंगराच्या पायऱ्या चढलेल्या श्रावकाला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागणार नाही.

भारतातील अलीकडची उदाहरणे वाचकांच्या स्मरणात असतील. जून २०२२ मध्ये ‘लेयर शॉट’ या सुगंधी फवाऱ्याच्या दोन जाहिराती दूरचित्रवाणीवर आल्या. त्यांतील एकीत चार तरुण दुकानात एका मुलीच्या मागे उभे राहून द्व्यर्थी बोलतात; तिचा चेहरा भयाने पांढरा पडतो; मग उलगडते की बोलणे शिल्लक राहिलेल्या एकाच बाटलीविषयी होते. सामूहिक अत्याचाराची धास्ती हीच या विनोदाची शिडी होती. दिल्लीच्या महिला आयोगाने आक्षेप घेतला, ४ जून रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूब यांना त्या चित्रफिती काढून टाकण्यास सांगितले आणि कंपनीने माफी मागितली. आवश्यक त्या मंजुऱ्या घेऊनच जाहिरात दाखवली होती, असेही कंपनीने म्हटले. म्हणजे इतक्या टेबलांवरून ती पुढे सरकली आणि एकाही टेबलावर कोणी त्या मुलीच्या जागी उभे राहून पाहिले नाही.

पुढच्याच वर्षी, २०२३ च्या जागतिक पर्यावरणदिनी, झोमॅटो कंपनीने प्लास्टिकच्या पुनर्वापराविषयी एक जाहिरात केली. आशुतोष गोवारीकर यांच्या २००१ सालच्या ‘लगान’ चित्रपटातील कचरा हे पात्र आठवत असेल : अस्पृश्य मानला गेलेला, हात अधू असलेला, तरी संघात जागा मिळवणारा. त्या नावावर कोटी करून त्याच नटाला दिवा, मेज, कुंडी अशा वस्तूंच्या रूपात दाखवले होते. चित्रपट-दिग्दर्शक नीरज घायवान यांनी तीव्र शब्दांत निषेध केला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली आणि तीन दिवसांत जाहिरात मागे घेण्यात आली. कंपनीने सांगितले की हेतू केवळ विनोदाचा होता. तो तसा असेलही. परंतु मराठवाड्यात ‘कचरू’ हे नाव कितीतरी घरांत आढळते. लेकरे जगत नसत त्या काळी, मृत्यूची दृष्ट लागू नये म्हणून आईबाप काळजावर दगड ठेवून असे नाव ठेवीत. आपल्याही समाजाच्या जुन्या पिढीत कचरदास होतेच की. ज्या नावामागे एवढे भय आणि एवढी माया आहे, आणि ज्या पात्रामागे शतकांची अवहेलना आहे, ते नाव वस्तूवर चिकटवून हसताना थोडे थांबायला हवे होते.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी तर कमालच झाली. अभिनेत्री पूनम पांडे हिचे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निधन झाल्याचे तिच्याच समाजमाध्यमावरील खात्यावरून जाहीर झाले. लोकांनी शोक व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः चित्रफितीत प्रकटली : आजाराविषयी जागृती व्हावी म्हणून हे केले! विधान परिषदेचे आमदार सत्यजित तांबे यांनी कारवाईची मागणी केली आणि मोहिमेत सहभागी असलेल्या जाहिरातसंस्थेने दिलगिरी व्यक्त केली. त्या दिवशी आजाराचे नाव घरोघरी पोहोचले, हे खरे. पण ज्या घरात त्याच आजाराने खरोखर कोणी गेले होते, त्या घराच्या दुःखाचे त्या दिवशी सोंग झाले. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

याचा अर्थ मरणाविषयी हसूच नये असा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम रेल्वेने मुंबईत यमराजाच्या वेषातील माणूस रुळांवर उभा केला. पादचारी पूल सोडून रूळ ओलांडणाऱ्याला तो खांद्यावर उचलून सुरक्षित जागी आणून सोडी. लोक हसले, छायाचित्रे सर्वत्र फिरली. विनोद काळाच होता. मात्र तो ज्याच्यावर होता त्याचाच जीव त्याने वाचणार होता. हसणाऱ्यांत तो स्वतःही सामील होऊ शकत होता. वर सांगितलेल्या जाहिरातींत तशी सोय नव्हती. तेथे बेडकांनी म्हणावे तसे होते : तुमचा खेळ होतो, आमचा जीव जातो.

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार कितीतरी आधी केलेला आहे. अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत कंदर्प, कौत्कुच्य आणि मौखर्य, म्हणजे असभ्य थट्टा, विकृत अंगविक्षेप आणि वायफळ बडबड, यांची गणना तत्त्वार्थसूत्रात आहे. सत्यव्रताच्या पाच भावनांत क्रोध, लोभ आणि भय यांच्या त्यागाच्या रांगेत हास्याचाही त्याग सांगितला आहे. लोभ आणि हास्य एकाच ओळीत का बसवले असतील, याचे कोडे आजची जाहिरात पाहिली की सुटते.

आता एक थोडी अवघड गोष्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन जैन धर्मादाय न्यासांनी व मुंबईच्या एका रहिवाशाने मांसाहारी पदार्थांच्या जाहिरातींवर बंदी मागणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात केली होती. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या पीठाने, तुम्ही इतरांच्या हक्कांवर अतिक्रमण का करता, अशा आशयाची विचारणा केली. असे काही दिसले तर सामान्य माणूस दूरचित्रवाणी बंद करील, असेही सुचवले. अखेर याचिका मागे घेण्यात आली. आपल्यापैकी अनेकांना हे लागले. माझे मत असे की, आपल्याला न रुचणारी जाहिरात आणि कोणाची तरी विटंबना करणारी जाहिरात यांत अंतर आहे, आणि ते न्यायालयाने योग्य ओळखले. मांसाच्या जाहिरातीत जीवाचे दुःख आहेच; परंतु ती जाहिरात आपली थट्टा करीत नाही. शिवाय दुसरा प्रश्न उरतोच. ‘लगान’मधील त्या पात्राची थट्टा झाली तेव्हा, किंवा त्या घाबरलेल्या मुलीवर हसे पिकवले गेले तेव्हा, आपल्या संस्थांपैकी किती जणांनी पत्र लिहिले? केवळ आपल्या अंगाला चटका बसला की ओरडणाऱ्याची तक्रार बाजारातही फारशी कोणी मनावर घेत नाही.

तक्रारीच्या वाटा आहेत. १९८५ साली स्थापन झालेली ‘ॲस्की’ ही मुंबईची जाहिरात मानक परिषद सामान्य ग्राहकाच्या तक्रारी घेते. ती जाहिरातक्षेत्राने स्वतःसाठी उभारलेली संस्था आहे, न्यायालय नव्हे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा प्रामुख्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पकडतो. क्रूर पण खरी जाहिरात त्याच्या हाती सहसा लागत नाही. दूरचित्रवाणीला १९९४ च्या केबल नियमांतील जाहिरातसंहिता लागू आहे. या वाटा अवश्य वापराव्यात. संतापाने ती चित्रफीत पन्नास जणांना पाठवणे मात्र टाळावे. कंपनीला फुकट प्रसिद्धी मिळते आणि ज्याचे दुःख त्यात वापरले आहे, त्याच्यापर्यंत ती आपल्याच हातून पोहोचते.

परंड्याच्या किंवा उमरग्याच्या रस्त्यावरील फ्लेक्सवर कोणता विनोद असावा, हे छपाईपूर्वी तपासणारी यंत्रणा कोठेही नाही. मजकूर बहुधा छपाईवाल्याकडील संगणकावर बसलेला विशीतला मुलगा ठरवतो, आणि सणाच्या घाईत मालक मोबाइलवर एक नजर टाकून होकार देतो. तो नमुना होकारापूर्वी दुकानातील हमालाला, मुनीमजींना आणि घरातील सुनेला दाखवायला फार तर दहा मिनिटे लागतात. त्यांच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावरचे हसू मध्येच थांबले, तर मजकूर बदलून घ्यायला छपाईवाला पैसे मागत नाही. फ्लेक्स अजून छापायचा असतो.