बोंबल्या विठोबाच्या बाजारात ब्रदर

साजगावच्या यात्रेत विठोबा डोळ्यांना दिसण्याआधी बोंबील नाकात शिरतो. कार्तिकी एकादशीला ताकईच्या देवळात पूजा होते आणि मग पंधरवडाभर आसपास सुक्या मासळीचा बाजार चालतो. देवाचं नावच पडलंय बोंबल्या विठोबा. तुकोबा मिरच्या विकायला घाट उतरून इथवर यायचे, असं इथे कुणीही सांगतं. घोंगड्या, पातेली, पाळणे, भजी, सगळं आहे; पण गर्दी खरी मासळीपाशीच.

मी उभा आहे तिथे ताडपत्रीवर बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या यांचे ढीग आहेत. मागे बसलेली मावशी वसईच्या पाचूबंदरची, ख्रिस्ती कोळीण. गळ्यातल्या सोन्याच्या माळेत बारीक क्रूस. तिच्या शेजारी शर्टाच्या बाह्या दुमडून एक तरुण गोणीचं तोंड सुतळीने आवळतोय. तिच्या बहिणीचा मुलगा. गिऱ्हाइकांसमोर ती त्याला ‘ब्रदर’ म्हणते, गाठ सुटली की ‘बाळा, तुझ्या हातात जोर नाही’ म्हणते.

“पुण्याला देव शिकतोय,” ती मला सांगते. तो हसतो. येशूसंघात आहे, नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठात ईश्वरविज्ञानाच्या वर्गात बसतो. सुट्टी आहे, वरिष्ठांची परवानगी काढून मावशीच्या मदतीला आलाय.

समोर एक सून बोंबलाच्या वाट्यासाठी घासाघीस करतेय. तिचे सासरे माळकरी. गळ्यातली तुळस सांभाळत दोन हात लांब, मासळीकडे पाठ करून उभे आहेत. कान मात्र इकडेच. ‘देव शिकतोय’ ऐकल्यावर ते वळतात.

“किती वर्षांचं असतं रे शिक्षण?”

“नवदीक्षितांची दोन वर्षं झाली, आजोबा. मग तत्त्वज्ञान, मग दोन वर्षं शाळेत काम, आता हे. धर्मगुरू होईपर्यंत दहा-बारा वर्षं जातात.”

“बारा! आमच्या आळंदीला चार वर्षांत कीर्तनाला उभा राहतो पोरगा.”

जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेबद्दल ते बोलतायत. त्यांच्या भावाचा नातू तिथे आहे. मग ते जे विचारतात, ते विचारायला मी अजून धजलेलो नसतो.

“आणि एवढी वर्षं खायला कोण घालतं?”

आळंदीत याचं उत्तर गावाने पिढ्यान्‌पिढ्या दिलंय: विद्यार्थी झोळी घेऊन माधुकरी मागतो, घरची बाई भाकरी वाढते. देणारीला घेणाऱ्याचा चेहरा दिसतो. ब्रदरचं उत्तर लांबचं आहे. तो गोणीवर बसून सांगतो, की 1889 साली नागासाकीच्या बिशपांनी फ्रान्समधल्या स्तेफनी आणि झान बिगार या मायलेकींना पत्र लिहिलं, की सेमिनरीतली मुलं पोसायला पैसा नाही. त्या दोघींनी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली, आणि त्यातून संत पेत्राच्या नावाची संस्था उभी राहिली. आजही जगभरच्या चर्चमधून तिच्यासाठी दान जमतं.

“म्हणजे तुझं फ्रान्सवरनं येतं?”

“नाही. ते बिशपांच्या सेमिनऱ्यांसाठी. आमच्या संघाची थैली एकच. जे फादर कॉलेजात शिकवतात त्यांचा पगार त्या थैलीत, लोक देतात तेही तिच्यात. त्यातून आमचं जेवण, पुस्तकं, औषधं.”

“नागासाकी म्हणू नकोस माझ्यापुढे,” मावशी मध्येच पडते. तिथे 1597 साली क्रुसावर चढवलेला गोन्सालो गार्सिया वसईचा. जपानात व्यापार केला, येशूसंघात घ्या म्हणून वाट पाहिली. त्यांनी घेतलं नाही, तेव्हा मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कनांचा ब्रदर झाला. 1862 साली संत ठरला. “आमच्या पोराला तुमच्या लोकांनी दारात उभं ठेवलं. आणि आता आमचीच पोरं नेतायत!”

ब्रदरजवळ याला उत्तर नाही. बाजूची कोळीण खो खो हसते.

मावशीचा राग अगदीच खोटा नाही. पूर्वी घरात सहा-सात मुलं असायची, एक देवाला दिला तरी होड्या रिकाम्या पडत नसत, असं ती म्हणते. तिच्या बहिणीला दोनच, आणि त्यातला हा. बहिणीने अडवलं नाही, पण सणाला घरी आला की अजून विचारते, जमत नसेल तर ये परत. मला वाटतं, वर्गणीच्या पावतीवर हा खर्च कुठेच लिहिला जात नाही. बाकीच्याचा हिशेब लागतो.

वाटा ठरतो. सून पैसे मोजते, सासरे पिशवी हातात घ्यायला नकार देतात.

मावशी आता वेगळी गोणी भरतेय. निवडक बोंबील, वर जवळ्याची पिशवी. ब्रदरला रोख देणं तिने कधीच सोडलंय. त्याने दारिद्र्याचं व्रत घेतलंय. हातात नोट ठेवली की ती जाते सुपिरियरकडे, थैलीत, आणि मग तिची पुस्तकं झाली की साबण झाला, कुणाला कळतं? बोंबील मात्र थेट स्वयंपाकघरात जातो. तिकडे केरळची, झारखंडची मुलंही ताटाला असतात. पहिल्या वर्षी नाकं मुरडली, आता यात्रा कधी आहे म्हणून विचारतात.

“एवढं नको, मावशी. एसटीत लगेज लागेल.”

“मग?”

“तिकिटाचेच पैसे दिलेत मला. मोजून.”

मावशी पदराची गाठ सोडते. दोन चुरगळलेल्या नोटा त्याच्या खिशात कोंबते आणि बोट रोखते.

“हे सुपिरियरला नाहीत. कंडक्टरला आहेत.”