नातवाच्या हाती गाडी देताना

अठरावे वर्ष उलटले की वाहन परवाना मिळतो आणि घरातील नातू-नाती आजी-आजोबांना दवाखान्यात, लग्नकार्याला, गावी घेऊन जाऊ लागतात. गाडी चालवता येणे आणि गाडी सांभाळता येणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या आसनावर वयोवृद्ध व्यक्ती असेल, तर हा फरक आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

भर उन्हात गाडी बंद पडली की तरुणांचा वेळ जातो. वृद्धांच्या प्रकृतीवर बेतू शकते. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते. त्यात लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी लवकर घटते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांचे जेवण लांबले, तर साखर उतरून थरथर, घाम आणि गोंधळलेपणा येऊ शकतो.

म्हणून निघण्यापूर्वी चालकाने काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. टायरची हवा गाडी थंड असताना तपासावी. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. स्टेपनीतील हवा विसरू नये. सपाट जागी, इंजिन बंद असताना ऑइलची पातळी पाहावी. कूलंटही पाहावे, परंतु तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये, वाफेने गंभीर भाजते.

चाक बदलण्याचा सराव अंगणातच व्हावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. त्या वेळी गाडीत कोणीही बसलेले नसावे. ॲम्बॅसेडर आणि फियाट चालवलेल्या आजोबांना हे ठाऊक असते. गुडघे साथ देत नसले, तरी खुर्चीत बसून त्यांना शिकवता येईल.

महामार्गावर गाडी बंद पडल्यास ती डाव्या कडेला घेऊन चारही इंडिकेटर लावावेत. डाव्या दाराने सर्वांना उतरवून, आधार देत, रस्त्यापासून दूर सावलीत बसवावे. परावर्तक त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा. ज्यांना उतरणे शक्य नाही, त्यांचा सीटबेल्ट बांधलेला असू द्यावा आणि तत्काळ ११२ या क्रमांकावर मदत मागावी. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, तर महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

गाडीत पाणी, बिस्किटे, साखर, छत्री, बॅटरी आणि औषधांची लिखित यादी असावी. रोजची औषधे मात्र हातातील पिशवीतच ठेवावीत. उन्हात उभ्या गाडीत इन्सुलिन खराब होते.

गाडीची किल्ली तरुण हाती सोपवताना ज्येष्ठांनी ही शिकवणही सोबत द्यावी. पुढच्या प्रवासात तिचा पहिला लाभ बहुधा त्यांनाच होईल.