बेडरूममध्ये देवाची मूर्ती ठेवावी का? वास्तुशास्त्र काय सांगते आणि एका खोलीच्या घरात काय करावे

‘झोपण्याच्या खोलीत देव असेल तर नवरा-बायकोत भांडणे होतात, घरात पैसा टिकत नाही.’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला नसेल असा माणूस सापडणे अवघड. त्याच्या मागोमाग दुसरा येतो की राधाकृष्णाची मूर्ती ठेवा, सगळे ठीक होईल. त्याखाली कोणाचा तरी मोबाइल नंबर असतो.

हे मेसेज लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तीन-चार खोल्यांचा फ्लॅट असतो. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातील इस्लापूरकडे पाहा. पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचे हे गाव. अशा गावांत आणि आसपासच्या तांड्यांवर ‘बेडरूम’ हा शब्द अनेक घरांना लागूच पडत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा. तिथे देव, चूल, पलंग आणि धान्याची पोती एका छताखाली असतात. त्या घरातल्या सासूबाईंना किंवा सूनबाईंना ‘देव बेडरूममध्ये आहेत म्हणून मूल होत नाही’ असे कोणी सांगितले, तर त्यांनी करायचे काय? देव बाहेर काढायचे, की माणसे?

जुन्या ग्रंथांत नेमके काय आहे?

वास्तुविद्येवर लिहिणाऱ्या जुन्या ग्रंथांपैकी वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ सहाव्या शतकातली. तिच्यात घराच्या कोपऱ्यांची वाटणी दिली आहे. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला घरातले सामानसुमान, वायव्येला धन आणि धान्य. आज नैर्ऋत्य म्हणजे ‘मास्टर बेडरूम’ असे सर्रास सांगतात, पण या वाटणीत नैर्ऋत्येला भांडीकुंडी आहेत. जुन्या शास्त्राच्या नावावर नवे नियम कसे मिसळत जातात, याचा हा नमुना.

झोपण्याबद्दलही वराहमिहिर बोलतो. धान्य, गाय, गुरू, अग्नी आणि देव यांच्या वर झोपू नये. उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे डोके करू नये. ओल्या पायांनी झोपू नये. देवांच्या ‘वर’ झोपू नये, असा हा नियम आहे. देव असलेल्या खोलीत झोपू नये, असे त्यात म्हटलेले नाही. याचा आजचा अर्थ सोपा आहे. बॉक्सच्या पलंगात जुने फोटो, पोथ्या, देवाची वस्त्रे कोंबून त्यावर गादी टाकली असेल, तर ती आधी बाहेर काढा. दुमजली घर असेल तर देव्हाऱ्याच्या बरोबर वर पलंग येऊ देऊ नका. ज्यांना शास्त्र पाळायचे आहे त्यांच्यासाठी खरी तपासणी इथे आहे. ती सहसा कोणी करत नाही.

देवही झोपतात

‘झोप आणि देव एकत्र नकोत’ असे म्हणताना मराठवाड्यातलीच एक गोष्ट विसरली जाते. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते. भाद्रपद वद्य अष्टमीला तिची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात, ती थेट घटस्थापनेपर्यंत. दसऱ्यानंतर ती पुन्हा निद्रेला जाते, ती पौर्णिमेपर्यंत. पलंग अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातून वाजतगाजत येतो. पंढरपुरात विठ्ठलाची रोज शेजारती होते आणि मंदिरात त्याचे शेजघरही आहे. झोप ही अपवित्र गोष्ट असती तर आपल्या कुलदैवतांना ती दिली गेली नसती.

मग ‘बेडरूममध्ये देव नको’ हे आले कुठून? बरेचसे सोवळ्या-ओवळ्यातून. खाजगीपणाचा संकोच, मासिक पाळी, आंघोळीआधी शिवू नये हा दंडक. मोठ्या वाड्यात देवघर वेगळे असे, त्यामुळे हे पाळणे सोपे जाई. एका खोलीत मात्र त्याचा सगळा भार बाईवर पडतो आणि पाळीच्या दिवसांत तिला ओसरीत अंथरूण घालावे लागते. वास्तूच्या कोणत्याही कोपऱ्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. त्याचे उत्तर परंपरेतच आहे. देव्हाऱ्याला पडदा किंवा छोटी दारे लावा, रात्री ती बंद करा. देव झोपले, माणसेही झोपली. कोणी बाहेर जायची गरज नाही.

मूर्ती केवढी, कोणती?

घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंत असावी, असे मत्स्यपुराणात सांगितले आहे. वीत म्हणजे बारा अंगुळे, साधारण नऊ इंच. लहान घराला याहून चांगला नियम नाही. आपल्याकडचे चांदीचे टाक तर याहूनही लहान. खंडोबा, भवानी, रेणुका असे सारे कुळाचार हातभर देव्हाऱ्यात मावतात. माहूरला गेलेले भाविक रेणुकामातेच्या मुखाचा फोटो आणतात, तोही भिंतीच्या छोट्या फळीवर छान बसतो.

फरक करायचा तो पूजेच्या मूर्तीत आणि शोभेच्या मूर्तीत. शाळिग्राम, शिवलिंग, टाक यांना रोजचे पाणी-फूल लागते. ते शोकेसमध्ये ठेवून विसरण्यासारखे नाहीत. उलट पलंगासमोरच्या भिंतीवरचा राधाकृष्णाचा फोटो हा डोळ्यांना बरा वाटावा म्हणून असतो. जोडप्याच्या खोलीत राधाकृष्ण, पण हनुमान, शनी, उग्र देवी किंवा युद्धाचे चित्र नको, हा आज प्रचलित असलेला संकेत आहे. झोपताना शांत चित्र समोर असावे, एवढे त्यातले तथ्य मान्य करता येते. (देवांची चित्रे असलेले कॅलेंडर पलंगाच्या उशाशीच लटकत असते, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.)

लाफिंग बुद्धा वास्तुशास्त्रातला नाही. तो बुडाई नावाच्या चिनी भिक्षूवरून आला, आणि तो गौतम बुद्धही नव्हे. बौद्ध घरांत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात, त्या आदराच्या असतात; त्यांना ‘धनलाभाची दिशा’ चिकटवणे चूकच.

एका खोलीत देव्हारा कुठे?

अडचण अशी येते. ‘दक्षिणेकडे डोके करा’ हा सल्ला पाळला की पाय उत्तरेकडे जातात आणि ईशान्येतला देव्हारा पायांच्या बाजूला येतो. मग माणसे घाबरून देव हलवत बसतात. त्याऐवजी पलंग फिरवा. वराहमिहिराने उत्तर आणि पश्चिम टाळायला सांगितली आहे, म्हणजे दक्षिण आणि पूर्व उरतात. डोके पूर्वेला केले की पाय पश्चिमेला जातात आणि ईशान्य कोपरा उशाशी येतो. देव ईशान्येत, पाय दुसरीकडे, भिंत फोडायची गरज नाही. देव्हारा पूर्वेच्या भिंतीला लावला तर पूजा करणाऱ्याचे तोंडही पूर्वेकडे होते.

दिशा मोबाइलच्या कंपासवर बघत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. लोखंडी पलंग, कपाट, छताचे पत्रे यांनी कंपास चुकतो. अंगणात मोकळ्यावर उभे राहून बघा. सूर्यावरून दिशा ठरवणारे आणखी फसतात. या भागात जूनच्या शेवटी सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या शेवटी तेवढाच दक्षिणेला. बरोबर पूर्वेला तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारासच असतो.

ईशान्येत दार किंवा चूल असेल तर? पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर छातीच्या उंचीला फळी मारा. टीव्हीवर, फ्रिजवर किंवा संडास-बाथरूमच्या भिंतीला लागून ठेवू नका. एवढे पुरे. मूर्तीची दिशा बदलल्याने आजार जातो किंवा मूल होते याला कोणताही पुरावा नाही, आणि त्यासाठी कोणी पाच-दहा हजार मागत असेल तर ते पैसे किनवट किंवा नांदेडच्या डॉक्टरकडे जाण्यासाठी ठेवा.

दिवा, धूप आणि मच्छरदाणी

झोपण्याच्या खोलीत देव ठेवण्याचा खरा धोका इथे आहे. समईशेजारी मच्छरदाणी, ओढणी, गोधडी. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा. दिवा पितळी परातीत वाळू पसरून ठेवा आणि त्याच्या वर व आजूबाजूला हातभर जागा मोकळी सोडा. इतर दिवशी झोपण्यापूर्वी दिवा शांत करा. धूप-अगरबत्ती खिडकी उघडून लावा. बंद खोलीतला तो धूर दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला बाधतो.

भंगलेली मूर्ती, फुटलेली फ्रेम

ती खोलीत ठेवत नाहीत, आणि बहुतेक जण ती पैनगंगेत सोडून येतात. मातीची मूर्ती घरीच बादलीत विरघळते. ते पाणी तुळशीला किंवा झाडाला घालता येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची विरघळत नाही, ती नदीच्या तळाशी तशीच पडून राहते, म्हणून मुळात घेऊच नका. फोटोची काच आणि लाकडी चौकट काढून ती पुन्हा वापरा, कागद मातीत पुरा. धातूचा टाक झिजला तर सोनाराकडे देऊन नवा करून घेतात, आणि जुनी चांदी त्यातच मोडीत घालतात.