माकडहाडाचे दुखणे अंगावर काढू नका

गुडघा दुखला तर माणूस चारचौघांत सांगतो. कंबर धरली तर शेजारीण येऊन तेल चोळून जाते. पण कण्याच्या अगदी शेवटी, बसायच्या जागी दुखू लागले की घरातही कोणी बोलत नाही. आमच्या आयाबहिणी तर मुळीच नाही. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

कण्याच्या टोकाला तीन ते पाच लहान मणक्यांचे मिळून माकडहाड असते. आपण त्याच्यावरच बसतो असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. ताठ बसले असता बराचसा भार दोन बाजूंच्या बैठकीच्या हाडांवर येतो. आम्ही कारकून मंडळी दुपारच्या डब्यानंतर खुर्चीत जसे घसरून, मागे रेलून बसतो, तसे बसले की तो भार माकडहाडावर सरकतो. भिंतीला टेकून, पोक काढून तासन् तास जमिनीवर बसणाऱ्यांचेही तेच.

पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे दुखणे सुमारे पाचपट आढळते. बाळंतपणात या हाडाला ताण बसतो. ओल्या मोरीत किंवा जिन्यावर घसरून पडणे, हे दुसरे मोठे कारण. १८५९ साली या दुखण्याला वैद्यकात नाव देणारे स्कॉटलंडचे जेम्स यंग सिम्प्सन हे बाळंतपणाचेच डॉक्टर होते. सांगायला लाजावे असे यात काय आहे?

बसल्यावर दुखते, उठताना कळ येते आणि चालू लागले की बरे वाटते, ही याची ओळख. बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते. मात्र बसणे सुधारले पाहिजे. गादीवाल्याकडून जाड फोमचा तुकडा घ्यावा व मागच्या कडेला मधोमध खाच पाडून घ्यावी, म्हणजे हाड अधांतरी राहते. मूळव्याधीची गोल चकती तितकी उपयोगी पडत नाही. ही उशी कचेरीतही न्यावी, साहेब हसले तर हसू द्यावेत. अर्ध्या तासाने उठावे, उठताना आधी पुढे वाकावे. कोमट पाण्याचा शेक घ्यावा. कुंथावे लागू नये म्हणून भाकरी, पालेभाजी व पाणी भरपूर असावे. जोराने चोळून किंवा हाड 'बसवून' घेऊ नये.

दोन महिन्यांत उतार नसेल तर अस्थितज्ज्ञांना दाखवावे. साध्या एक्स-रेत पुष्कळदा काही दिसत नाही, पण म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. बसून आणि उभे राहून असे दोन एक्स-रे काढले तर हाड जास्त हलते की काय ते कळते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि इंजेक्शन हे पुढचे उपाय आहेत. शस्त्रक्रिया फारच थोड्यांना लागते.

ताप, त्या जागी गळू किंवा पू, रात्री झोपेतही न थांबणारी वेदना, वजन घटणे, यांपैकी काही असेल तर दोन महिने थांबू नये. आणि मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पायांतली शक्ती गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.