लोणारचा खडा खिशात नको

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराकडे उतरताना पायाखाली काळा बेसाल्टच लागतो. मग सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खळगा ज्वालामुखीचाच कशावरून नाही? आक्षेप रास्त आहे; दख्खनचा हा दगड लाव्हाचाच. पण इथल्या खडकांत मास्केलिनाइट सापडते, म्हणजे फेल्डस्पारचे स्फटिक जबरदस्त दाबाच्या धक्क्याने, बाह्य आकार तसाच ठेवून, काचेसारखे झालेले. एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, उल्काघातात होतो. म्हणून सहलीची आठवण म्हणून खिशात टाकलेला खडा मला क्षुल्लक वाटत नाही. एका खड्याने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. पण तो जागेवरून हलला, की कुठल्या थरातून उडून किती लांब पडला होता, हे कळायची वाटच बंद होते.