चौदा वर्षांची शिक्षा आणि न्यायाची खात्री

चालकाला खाली उतरवून मोटार पळविल्याचे वृत्त आले की ‘अशा गुन्हेगारांना जन्मठेपच हवी’ अशी मागणी हमखास होते. या मागणीमागील संताप समजण्याजोगा आहे. परंतु कायद्यात आज कोणती शिक्षा आहे, ती प्रत्यक्षात होऊ शकते काय, आणि ज्याची मोटार गेली त्याच्या हाती अखेरीस काय येते, हे तपासल्याखेरीज त्या मागणीचे मोल ठरविता येणार नाही.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव आहे. मुंबई-पुणे हमरस्त्याच्या आसपासच्या अशा गावांत कर्ज काढून घेतलेली भाड्याची मोटार हे साऱ्या कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन असते. समजा, रात्री दहा वाजता दोघे प्रवासी नेऱ्याहून खोपोलीसाठी मोटार ठरवितात आणि शेडुंग मागे पडताच ठार मारण्याची धमकी देऊन चालकाला उतरवून मोटार घेऊन जातात. हा गुन्हा कोणता?

कायद्यातील तरतुदी

अमेरिकेने १९९२ मध्ये या गुन्ह्यासाठी स्वतंत्र संघीय कायदा केला. आपल्याकडे तसा वेगळा गुन्हा नाही. पण म्हणून कायदा तोकडा आहे असेही नाही. १८६२ पासून अमलात असलेल्या भारतीय दंडविधानाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. उभी असलेली मोटार कोणी नेली तर ती चोरी. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. प्रवासी अथवा माल वाहणारे वाहन चोरल्यास कलम ३०५ अन्वये ती ७ वर्षांपर्यंत जाते. चोरी करताना मारहाण केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली की ती ‘जबरी चोरी’ ठरते. कलम ३०९ अन्वये तिला १० वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या काळात हमरस्त्यावर घडल्यास १४ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. प्राणघातक हत्यार वापरल्यास कलम ३११ नुसार ७ वर्षांहून कमी शिक्षा देता येत नाही. पाच किंवा अधिक जण असतील तर तो दरोडा होतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत पोहोचते.

हमरस्ता आणि रात्र यांविषयीची ही तरतूद बैलगाडी व टपालाच्या काळातील आहे. नव्या संहितेनेही ती कायम ठेवली, कारण अंधारात एकट्या वाटसरूची असहायता आजही तशीच आहे.

मात्र येथे एक विसंगती आहे. हत्यार नसलेल्या जबरी चोरीचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, आणि त्यांना ३ वर्षांहून अधिक कारावास देण्याचा अधिकार नाही. अधिक शिक्षा आवश्यक वाटल्यास प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. त्यांची मर्यादा ७ वर्षांची. खटला सत्र न्यायालयाकडे गेला तरच पुढचा आकडा शक्य होतो. तेव्हा कायद्यातील १४ वर्षे आणखी वाढवून काय साधणार?

शिक्षेचे अर्थशास्त्र

बेकारियाने १७६४ मध्येच सांगितले होते की, गुन्ह्याला आळा शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर तिच्या अटळपणाने बसतो. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हाच विचार हिशेबाच्या भाषेत मांडला : गुन्हेगार शिक्षेचा आकडा आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार करतो. शक्यता शून्याजवळ असेल तर आकडा कितीही मोठा असला तरी गुणाकार लहानच राहतो.

बचाव कशासाठी?

‘अशा आरोपींना वकील तरी कशाला?’ असा प्रश्नही विचारला जातो. अंधारात काही क्षण पाहिलेला चेहरा ओळखण्यात चूक होऊ शकते. म्हणून ओळख परेड वेळेवर व्हावी लागते, आणि तीपूर्वी आरोपी साक्षीदाराला दाखविलेला नसावा लागतो. चोरीनंतर लवकरच मोटार ज्याच्या ताब्यात सापडते त्याच्याविरुद्ध न्यायालय अनुमान काढू शकते. परंतु त्याने ती फसवणुकीतून विकत घेतली असण्याचाही संभव असतो. पोलिसांपुढील कबुलीजबाब हा पुरावा होत नाही. या मुद्द्यांना कोणी पळवाटा म्हणेल. पण निरपराध माणूस तुरुंगात गेला की खरा चोर रस्त्यावर मोकळा राहतो, हे विसरता येणार नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाब व त्याच्या साथीदाराने मुंबईत आधी पोलिसांची गाडी आणि नंतर एका नागरिकाची मोटार बळकाविली. त्या कसाबलाही सरकारी खर्चाने वकील मिळाला. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आरोपीला प्रथम दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाते तेव्हापासूनच वकिलाचा हक्क सुरू होतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये कोठडीतील कोणालाही, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळू शकतो.

मोटारीचे काय?

राहिला तो चालक. मोटार सापडली तरी ती मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडते, आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंचनामा, छायाचित्रे व हमीपत्र घेऊन वाहने लवकर परत देण्यास सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तर मुहूर्तच ठरवून दिला आहे : माल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याचे विवरण आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. ही मुदत कसोशीने पाळली गेली तर नेऱ्याच्या चालकाला कोणत्याही वाढीव शिक्षेपेक्षा अधिक न्याय मिळेल.

तात्पर्य, नव्या कलमाची निकड नाही. त्वरित तपास, निर्दोष ओळख परेड, पहिल्या दिवसापासून वकील आणि मालकाला वेळेत परत मिळालेली मोटार या चार गोष्टी अमलात आणण्यासाठी विधिमंडळाच्या ठरावाची गरज नाही. पोलीस ठाणे आणि न्यायालय यांनी आज असलेला कायदा पाळला तरी पुरे.