आभाळातला काटा



या वर्षी आम्ही दूरसंवेदनाच्या शिक्षणावर बोलणार, हे कळताच उमापूरच्या पारावर एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "काय हो, मजुरी सोडून आता आभाळाच्या गोष्टी?" प्रश्न रास्त होता. आमची शाळा लवकर सुटली आणि उमेदीची वर्षे ऊसतोड मजुरांच्या संघटनेत गेली. परंतु ज्या विद्येवर गावाचा दुष्काळ ठरतो, ती विद्या मजुरानेही समजून घेतली पाहिजे.

मूळ गोष्ट सोपी आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पीक सुकू लागले की या दोहोंतील अंतर घटते. उपग्रह दोन्ही प्रकाश मोजतो. त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागले की जो आकडा निघतो, त्यावरून पिकाची तब्येत कळते. केंद्र सरकारच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पावसाच्या तुटीबरोबर असे आकडेही कसोटीला घेतले. 2018 साली महाराष्ट्रात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो याच पद्धतीने.

मात्र आकडा हिरवेपणा सांगतो, पोट भरेल की नाही हे सांगत नाही. आमच्या गेवराई तालुक्यातून जायकवाडीचा उजवा कालवा माजलगावकडे जातो. कालव्याकाठी ऊस उभा असतो आणि पलीकडे कोरडवाहू कापूस करपतो. तालुक्याची सरासरी काढली, की एकाचा हिरवेपणा दुसऱ्याच्या नावावर चढतो. वेडी बाभूळही हिरवीच दिसते. बोंडे गळालेली पऱ्हाटीही काही दिवस हिरवी राहते. म्हणूनच गावे निवडून शिवारात प्रत्यक्ष पडताळणी करावी, असे ती संहिताच सांगते. ही पडताळणी करणारा माणूस घडवायचा कोठे? अर्थात विद्यापीठात.

आपल्या देशात या शिक्षणाचा पाया 1966 साली डेहराडूनला, नेदरलँड्सच्या साहाय्याने घातला गेला. तेव्हा विमानातून काढलेली छायाचित्रे वाचायला शिकवीत. 1988 साली नियमित वापरासाठीचा भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-1ए, आकाशात गेला. 1995 साली डेहराडूनलाच आशिया-पॅसिफिकमधील देशांसाठी संयुक्त राष्ट्रांशी संलग्न केंद्र निघाले. 2007 पासून डेहराडूनची संस्था दूरवरच्या महाविद्यालयांनाही घरबसल्या धडे देऊ लागली.

पूर्वी गरीब देशांची विद्यापीठे म्हणत, चित्रे विकत घेणे परवडत नाही. ते खरेही होते. पण अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे 2008 पासून फुकट झाली, आणि 2015 पासून युरोपच्या सेंटिनेल-2 ची दहा मीटरपर्यंत तपशील दाखवणारी चित्रेही फुकट मिळू लागली. ती सबब संपली. चित्र स्वस्त झाले. महाग राहिला तो शिक्षक आणि शिवारातला दिवस. परदेशातील नमुन्याच्या चित्रांत रंग भरून प्रमाणपत्र मिळेल, पण वेडी बाभूळ कोणती आणि पऱ्हाटी कोणती हे त्यातून कळणार नाही. विद्यार्थ्याला त्याच्याच तालुक्याचे चित्र द्यावे. एक दिवस यंत्रासमोर बसवावे, दुसऱ्या दिवशी बांधावर चालवावे, आणि शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न मराठीतच लिहायला लावावे.

या परीक्षेत ऊसतोड मजुराचा मुलगा सर्वांच्या पुढे जाईल, कारण शिवार त्याला पाठ असते. पण दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड कारखान्याकडे निघते आणि शाळा मागे राहते. चित्र वाचायला जो सर्वांत लायक, तोच विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचत नाही. विकसनशील देशांतील या शिक्षणाची खरी अडचण ही आहे, यंत्राची नव्हे.

तरुणपणी एका कारखान्यावर आम्ही पाहिले, की गाडी काट्यावर चढे, आतला बाबू आकडा बोले आणि आमची माणसे मान डोलावीत. पुढे टोळीतला एक पोरगा आकडा वाचायला शिकला. तो काट्याजवळ नुसता उभा राहू लागला, आणि बाबू आकडा सावकाश बोलू लागला.

उपग्रह हाही एक काटाच आहे. त्याच्यावर आपले सबंध शिवार चढलेले आहे. त्याच्याजवळ आपला एक पोरगा उभा राहिला पाहिजे.